मैदान कुणासाठी भरते? रॉक मैफलींच्या तिकीटबारीचे गणित

बीबी (जि. बुलडाणा) : मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघाले की वाटेत लोणार तालुक्यातील बीबी हे गाव लागते. २६ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी या गावातील आमच्या घरी दूरचित्रवाणी संचासमोर तीन पिढ्या बसल्या होत्या. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम सुरू होता आणि तो ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’वरून घराघरांत थेट दिसत होता. मैदानात लाखाहून अधिक माणसे होती. पुण्यात नोकरी करणारा आमचा चुलतभाऊ पाचच दिवसांपूर्वी याच बँडचा नवी मुंबईतील कार्यक्रम प्रत्यक्ष पाहून आला होता. त्यामुळे पुढचे गाणे कोणते हे तो आधीच सांगत होता. आबांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, बराच वेळ शांतपणे पाहिले आणि मग विचारले, ‘‘केवढ्याचं होतं म्हंतो तुह्यं तिकीट?’’

‘‘साडेसहा हजाराला पन्नास कमी, आबा. सगळ्यात महाग पस्तीस हजाराचं होतं.’’

‘‘अन् बसाले खुर्ची?’’

खुर्ची नव्हती. ६ हजार ४५० रुपयांचे ते तिकीट मैदानात उभे राहण्याचे होते. आबांनी यावर टीका केली नाही, हसलेही नाहीत. तरुणपणी ते जत्रेतल्या तमाशाचे भोक्ते होते. रात्रभर जमिनीवर बसून त्यांनी वग पाहिले आहेत. त्यांची शंका निराळीच होती. ‘‘हे तर इथं फुकट दिसून राह्यलं. मंग तिथं कायले जाते लोकं?’’

रॉक मैफलींच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनीही फिरून फिरून हाच प्रश्न विचारला आहे. एखाद्या बँडचे तिकीट काही मिनिटांत संपते आणि तितक्याच तयारीच्या दुसऱ्या बँडसमोर शंभर माणसे जमवताना आयोजकाच्या नाकी नऊ येतात. हे कशामुळे होते? ‘ज्याचे संगीत चांगले त्याचे तिकीट खपते’ हे उत्तर सोपे आहे. पण ते अपुरे आहे.

प्रथम नवी मुंबईचे उदाहरण पाहू. कोल्डप्लेच्या नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवरील कार्यक्रमांची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी १२ वाजता ‘बुक माय शो’ या संकेतस्थळावर विक्रीस आली. आरंभी १८ आणि १९ जानेवारी असे दोनच दिवस जाहीर झाले होते. मागणी पाहून विक्री सुरू असतानाच २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम वाढवण्यात आला. संकेतस्थळाच्या सांगण्यानुसार त्या दिवशी सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केला. तीन रात्री मिळून स्टेडियमची क्षमता लाखांत मोजण्याइतकी. मागणी मात्र कोटीच्या पुढे. तिकिटांचे मूळ दर २ हजार ५०० ते ३५ हजार रुपये होते. काही वेळातच परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर तीच तिकिटे कित्येक पटींनी अधिक किमतीला दिसू लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. या काळाबाजाराविरुद्धची जनहित याचिका न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हे झाले मागणीचे टोक. पण लोकप्रियता आणि तिकीटविक्री यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द ‘बीटल्स’ने दिला आहे. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क मैदानावर बीटल्सचा तिकीट लावून झालेला अखेरचा कार्यक्रम पार पडला. मैदानाची क्षमता साडेबेचाळीस हजारांची होती आणि तिकिटे खपली ती सुमारे पंचवीस हजार. म्हणजे जगातील सर्वाधिक गाजलेल्या बँडसमोर त्या दिवशी हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच महिन्यात त्यांची ‘रिव्हॉल्व्हर’ ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली होती. तिच्यातील एकही गाणे त्या दौऱ्यात त्यांनी गायले नाही. स्टुडिओत तयार झालेले ते गुंतागुंतीचे संगीत रंगमंचावर उभे करण्याची साधने तेव्हा नव्हती. कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा होई आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांत गाणे ऐकूच येत नसे. ध्वनिमुद्रिका घेणाऱ्याला गाणे मिळत होते. तिकीट घेणाऱ्याला मात्र बीटल्सना दुरून पाहिल्याचे समाधान, एवढेच.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडचे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या या बँडचे एकच गाणे अमेरिकेतील पहिल्या दहा गाण्यांच्या यादीत पोहोचले आणि तेही १९८७ साली. पण तिकीटविक्रीत हा बँड वर्षानुवर्षे आघाडीवर राहिला. कारण त्यांची प्रत्येक रात्र वेगळी असे. गाण्यांचा क्रम वेगळा, वादन वेगळे, आणि एकच गाणे आज दहा मिनिटांचे तर उद्या पंचवीस मिनिटांचे. श्रोत्यांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्याची मुभा होती, इतकेच नव्हे तर १९८४ पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा राखली जाई. त्या फिती हातोहाती फिरत आणि पुढच्या गावात नवे श्रोते तयार होत. आपल्याकडच्या मैफलींचा शौकीन एकाच गवयाचा यमन पुन:पुन्हा ऐकायला का जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे कोडे वाटणार नाही. तिथे एकच श्रोता दहा वेळा तिकीट काढतो.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की ध्वनिमुद्रण आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पूर्वी पहिली वस्तू महाग आणि दुसरी स्वस्त होती. ध्वनिमुद्रिका खपाव्यात म्हणून बँड दौरे काढीत. १९९९ मध्ये ‘नॅपस्टर’ आले, संगणकावरून गाणी फुकट वाटली जाऊ लागली आणि हे गणित उलटले. ध्वनिमुद्रित संगीत नळाच्या पाण्यासारखे सर्वत्र वाहू लागेल आणि कलावंतांना यापुढे दौऱ्यांवरच जगावे लागेल, असे भाकीत गायक डेव्हिड बोवी यांनी २००२ मध्येच केले होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी या भाकितालाच पुढे सिद्धान्ताचे रूप दिले. गाणे फुकट झाल्यावर प्रत्यक्ष कार्यक्रमाची किंमत वाढली. मात्र ती सर्वांसाठी सारखी वाढली नाही. क्रूगर यांच्या ‘रॉकोनॉमिक्स’ (२०१९) या पुस्तकातील आकडा डोळे उघडणारा आहे. १९८२ मध्ये मैफलींच्या एकूण उत्पन्नापैकी २६ टक्के उत्पन्न सर्वांत वरच्या एक टक्का कलावंतांकडे जात होते. २०१७ मध्ये हा वाटा ६० टक्क्यांवर पोहोचला.

वरच्या एक टक्क्याचे संगीत उरलेल्या ९९ टक्क्यांपेक्षा इतके सरस असते काय? येथे दोन अभ्यास उपयोगी पडतात. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की तंत्रज्ञानामुळे एकच कलावंत अमर्याद लोकांपर्यंत पोहोचू लागला, की गुणवत्तेतील थोड्या फरकाचे उत्पन्नातील प्रचंड फरकात रूपांतर होते. सर्वोत्तम कलावंत त्याच पैशांत मिळत असेल, तर दुय्यम कलावंताकडे कोण जाईल? हे पटण्यासारखे आहे. पण ‘सर्वोत्तम’ कोण हे ठरते कसे? मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती, तर काहींना आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हेही दिसत होते. या दुसऱ्या प्रकारच्या श्रोत्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते. परिणाम असा, की एका गटात डोक्यावर घेतलेले गाणे दुसऱ्या गटात कुठल्या कुठे फेकले गेले. अतिशय चांगली गाणी क्वचितच पार खाली गेली आणि अतिशय वाईट गाणी क्वचितच वर आली; पण मधल्या मोठ्या पट्ट्यात कोण वर चढेल हे आरंभीच्या मूठभर श्रोत्यांच्या कौलावर अवलंबून राहिले.

आबांना मी हा प्रयोग माझ्या परीने समजावून सांगितला. त्यांना त्यात काहीच नवल वाटले नाही. मोठ्या जत्रेत दोन-तीन फडांचे तंबू शेजारी शेजारी पडत, तेव्हा माणसे तिकिटाच्या खिडकीपाशी नव्हे, तर दोन तंबूंच्या मधोमध उभी राहत, असे ते म्हणाले. कुठे गर्दी वळते ते पाहून मग पाय हलत. ‘‘ज्याचा तंबू अर्धा भरला, त्याचाच पुरा भरे,’’ हे त्यांचे वाक्य मला रोझेन यांच्या समीकरणांपेक्षा सोपे वाटले.

मात्र गर्दीने गर्दी वाढते म्हणताना पहिली गर्दी कोठून येते, हे सांगावे लागते. रॉकच्या बाबतीत, विशेषत: भारतात, याचे उत्तर पाठांतरात आहे. मैदानात गाणाऱ्यासोबत शब्दन् शब्द म्हणू शकणारे किती लोक आहेत, यावर तिकीटबारी चालते. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, ‘एमटीव्ही’ आले, इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. त्या काळी जे कलावंत कानांवर पडले त्यांना या देशात जणू कायमचे भांडवल मिळाले. कॅनडाचे ब्रायन ॲडम्स हे त्याचे ठळक उदाहरण. पाश्चात्त्य देशांत त्यांचा बहराचा काळ ओसरून दशके लोटली, तरी भारतात ते १९९० च्या दशकापासून पुन:पुन्हा येत राहिले. डिसेंबर २०२४ मध्येही त्यांनी मुंबईसह अनेक शहरांत कार्यक्रम केले. त्यांचे नवे गाणे ऐकायला फारसे कोणी जात नाही. महाविद्यालयातील स्नेहसंमेलनात जे गाणे बेसूर गायले होते, तेच पन्नाशीच्या उंबरठ्यावर हजारोंच्या सुरात सूर मिसळून गायला लोक जातात.

‘आयर्न मेडन’ची गोष्ट आणखी वेगळी. या बँडला नभोवाणीने कधी फारसे जवळ केले नाही. त्यांचा प्रसार झाला तो वसतिगृहांतून, एकमेकांना दिलेल्या कॅसेटींतून आणि ‘एडी’ या भयावह बाहुल्याचे चित्र असलेल्या काळ्या टी-शर्टांतून. मार्च २००७ मध्ये ते प्रथम बंगळुरूला आले, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण रेल्वेने तेथे पोहोचले. त्यानंतर जगभरच्या दौऱ्याचा आरंभच त्यांनी १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातून केला. दौऱ्यासाठी त्यांनी एक बोइंग ७५७ विमान घेतले होते आणि ते चालवायला वैमानिकांत खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन होते! अशा बँडचा श्रोता संख्येने कमी असतो, पण तो हटकून तिकीट काढतो. लाखो लोकांना ‘बरे’ वाटणाऱ्या गायकापेक्षा पन्नास हजारांना जीव की प्राण वाटणाऱ्या गायकाचे मैदान लवकर भरते. आयोजक हे पुरते ओळखून असतात.

दुसरे कारण दुर्मिळतेचे. ते समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. एरवी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहणार होते. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता आणि तरीही लोक आले. त्या काळात शंभर रुपये म्हणजे अनेकांच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी रक्कम. ‘मानापमान’ लोकांनी तोवर कितीदा तरी पाहिलेले होते, पदे पाठ होती. तिकीट नाटकाचे नव्हते, ते ‘पुन्हा न घडणाऱ्या रात्रीचे’ होते. पुढे तसेच झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव भोसले यांचे निधन झाले.

कोल्डप्लेच्या मागेही हेच होते. याआधी हा बँड १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘ग्लोबल सिटिझन’ महोत्सवात वाजवून गेला होता. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्यानंतर आठ वर्षे तो फिरकला नाही. तेव्हा जे शाळेत होते ते आता कमावते झाले होते. रोलिंग स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये बंगळुरू आणि मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी पंचवीस-तीस वर्षे वाट पाहिली होती. उलट दर महिन्याला शहरातल्या कुठल्या ना कुठल्या हॉटेलात वाजवणाऱ्या बँडचे श्रोते ‘पुढच्या वेळी जाऊ’ म्हणतात, आणि ती पुढची वेळ येतच नाही.

आता थोडे आयोजकाच्या बाजूने पाहू, कारण या धंद्यात बुडतो तोच. तमाशाच्या व्यवहारात दोन पद्धती आहेत. नारायणगावच्या राहुट्यांत गावकरी येऊन फडाशी ठरावीक रकमेचा करार करतात, ती सुपारी. त्यात जोखीम गावाची. दुसरी पद्धत तंबू ठोकून तिकीट लावण्याची. त्यात पाऊस पडला की फडमालक सावकाराच्या दारात. रॉकच्या जगातही हेच आहे. मोठा बँड सुपारीवर चालतो. त्याला ठरावीक रक्कम किंवा खर्च वजा जाता राहिलेल्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल ते मिळते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आयोजकाचे नुकसान, बँडचे नव्हे. लहान बँड मात्र नेहमी तिकिटावर असतो. त्यामुळे आयोजक नव्या नावावर पैसा लावीत नाही, आणि त्याने पैसा न लावल्याने ते नाव जुने होत नाही.

शिवाय मोठ्या नावासोबत खात्री येते. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येक प्रेक्षकाच्या मनगटावर बांधलेली पट्टी संगीताच्या तालावर रंग बदलते. म्हणजे प्रेक्षकच रोषणाई होतो. मागच्या रांगेतल्या माणसालाही आपण कार्यक्रमाचा भाग आहोत असे वाटते. हा खर्च झेपायला लाखांची गर्दी लागते, आणि लाखांची गर्दी यायला हा थाट लागतो. या दौऱ्याने २०२४ अखेर एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. एखाद्या रॉक बँडच्या दौऱ्याने एवढी मजल मारण्याची ती पहिलीच वेळ होती. याउलट व्यवस्था कोसळली तर नुसत्या नावाने भागत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये गुडगावला ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम सुरक्षा कठड्यांच्या बिघाडामुळे ऐनवेळी रद्द झाला आणि संतप्त प्रेक्षकांनी रंगमंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळुरूचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. बँड तोच, गाणी तीच.

मग वाटते, मागणी एवढी असताना तिकीटच महाग का करीत नाहीत? काळाबाजारवाल्याच्या खिशात जाणारा पैसा बँडला का नको? काहींनी तसे करून पाहिले. मागणीनुसार दर बदलण्याच्या पद्धतीमुळे २०२२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या काही तिकिटांचे दर हजारो डॉलरवर गेले, आणि कष्टकऱ्यांची गाणी गाणाऱ्या या गायकावर त्याच्याच चाहत्यांनी टीकेची झोड उठवली. ‘ओॲसिस’च्या पुनर्मीलनाच्या तिकिटांवरून ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये हीच ओरड झाली. बँडचे खरे भांडवल म्हणजे चाहत्याचा जिव्हाळा. तो एका रात्रीत विकून खाल्ला तर पुढचा दौरा कोणाच्या जिवावर काढायचा? म्हणून मूळ दर मुद्दाम मागणीच्या खाली ठेवले जातात आणि मधली जागा दलालांना मोकळी मिळते. आमच्या चुलतभावाच्या मित्राने नेरूळच्या तिकिटासाठी मूळ दराच्या चौपट रक्कम मोजली. तिकीट खरे निघाले, हे नशीब.

आता या सगळ्यातील दुखऱ्या जागेकडे येऊ. मुंबईत, पुण्यात, नागपुरात वाजवणारे आपले बँड या गणितात कुठे आहेत? असे नाही की येथे रॉक रुजलेच नाही. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने तो देशभर गाजला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने कित्येक बँडना पहिली मोठी गर्दी दाखवली. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या मंडळींचे पंढरपूर होते. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा ब्रिटिश बँड तेथे वाजवून गेला होता. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवनातील मैफली थांबल्या. रुग्णांना शांतता हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण बंद झालेल्या त्या जागेच्या तोडीची, दोन-चार हजार माणसांची, परवडणाऱ्या भाड्याची दुसरी जागा कोणी उभी केली नाही. त्याचे मोल तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

बँडची वाढ पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी शंभर श्रोते, मग पाचशे, मग तीन हजार. ब्रिटनमध्ये कोल्डप्लेही याच जिन्याने चढला. आपल्याकडे शंभर माणसांची हॉटेले आहेत आणि पन्नास हजारांची स्टेडियम आहेत. मधल्या पायऱ्या जवळपास गायब आहेत. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ किंवा महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ मध्ये प्रथम भरलेला ‘लोलापलूझा’ यांसारख्या महोत्सवांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. तेथे प्रेक्षक मोठ्या नावासाठी तिकीट काढतो आणि दुपारी लवकर आला तर चार नवे बँड ऐकतो. पण स्वत:च्या नावावर तिकीट खपणे ही वेगळी परीक्षा असते.

सरकारदरबारचा अनुभवही मोठ्यांच्याच बाजूचा आहे. मायकेल जॅक्सन हे काही रॉक गायक नव्हेत. पण १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाला तत्कालीन राज्य सरकारने करमणूक कर माफ केला होता. तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३ कोटी ३४ लाखांच्या माफीवर पुन्हा शिक्कामोर्तब केले. जिल्ह्याच्या गावात नाट्यगृह भाड्याने घेऊन कार्यक्रम करणाऱ्या चार मुलांसाठी मंत्रिमंडळाची बैठक भरल्याचे ऐकिवात नाही.

भाषेचा मुद्दाही टाळता येत नाही. भारतीय रॉक बँडनी दीर्घकाळ इंग्रजीतच गाणी लिहिली. त्यांचा श्रोता महानगरांतल्या ठरावीक महाविद्यालयांपलीकडे गेला नाही, कारण ती गाणी पाठ असणारे लोकच थोडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यात कोथरूडला आणि डिसेंबरमध्ये मुंबईत दिलजित दोसांझ यांच्या पंजाबी गाण्यांना जी गर्दी लोटली, तिने हे उघड केले, की मैदान भरायला इंग्रजी लागत नाही. गिटार, ड्रम आणि मराठी शब्द यांचे प्रयोग महाविद्यालयीन स्पर्धांतून होत असतात. त्यांपैकी एखादे गाणे आधी बीबीसारख्या गावातल्या मुलांच्या ओठांवर बसले, तरच पुढे नेरूळच्या मैदानाचा प्रश्न येईल. आमच्या गल्लीतल्या मुलांना कोल्डप्लेची दोन गाणी येतात. ती त्यांना शिकवली मोबाइलमधल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी. आपल्या एखाद्या बँडने तेवढे अर्धे मिनिट मिळवणे अशक्य नाही. पण त्यापुढे त्याला ऐकायला जायचे कुठे, याचे उत्तर बुलडाण्यातही नाही आणि संभाजीनगरातही नाही. या मुलांना चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून मुंबईच गाठावी लागते. चुलतभावाचा असाच एक गाववाला मित्र सिंदखेडराजाहून समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत आणि पुढे जुन्या रस्त्याने नेरूळला पोहोचला होता. तिकीट, डिझेल, जेवण आणि एका रात्रीची खोली मिळून त्याचा महिन्याचा अर्धा पगार त्यात गेला.

अहमदाबादचा कार्यक्रम संपला तेव्हा रात्र झाली होती. प्रेक्षकांत क्रिकेटपटू जसप्रीत बुमरा दिसल्याचा आनंद धाकट्यांना गाण्यांपेक्षा अधिक झाला होता. आबांनी पुन्हा चुलतभावाकडे मोर्चा वळवला. तिथे उभे राहून रंगमंच नीट दिसला का, असे त्यांनी विचारले.

तो जरा ओशाळला. पुढच्या माणसांच्या हातातल्या मोबाइलमुळे फारसा दिसला नाही, बहुतेक वेळ मोठ्या पडद्यावरच पाहिले, असे त्याने कबूल केले. पण शेवटच्या गाण्याला शेजारचा अनोळखी माणूस त्याच्या खांद्यावर हात टाकून रडत होता, हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

आबांनी मान डोलावली. ‘‘तंबूत मांगच्याले कुठं दिसत होतं काही,’’ ते म्हणाले आणि उठून झोपायला गेले.